जीव लेकराच्या नावावर, सही कोणाची?



एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की आमच्या चिखलोलीच्या सोसायट्यांमध्ये घरोघरी एकच हट्ट सुरू होतो. "मला माझा स्वतःचा ससा पाहिजे." कुणाला ससा, कुणाला काचेच्या भांड्यातले मासे, कुणाला लव्हबर्डची जोडी, कुणाला ते हिरवे इवलेसे कासव. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधला हा आमचा भाग. एका बाजूला धरण आणि डोंगर, दुसऱ्या बाजूला दरवर्षी उंच होत जाणाऱ्या इमारती. खाली रस्त्यावर म्हशी चालल्या आहेत आणि वर दहाव्या मजल्यावरच्या लेकराला हात फिरवायला एकही जिवंत प्राणी नाही. तेव्हा हट्टात गैर काही नाही. मला खटकतो तो त्यातला "स्वतःचा" हा शब्द, आणि त्याला आपण मोठी माणसे ज्या सहजपणे हो म्हणतो ते.

आपल्यापैकी पुष्कळजणी याला साफ नाही म्हणतात. "आपल्यात प्राणी पाळत नाहीत," एवढे एकच वाक्य, की विषय संपला. त्याला आधार नाही असे नाही. श्रावकाने टाळायचे पंधरा उद्योग, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत, त्यांत असतीपोषण येते. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा खुलासा करताना पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर अशी नावेच दिली आहेत. पण तिथे रोख आहे तो पैशासाठी पोसण्यावर. घरात एक जीव सांभाळणे आणि त्याचा धंदा करणे यांत फरक करायला हवा.

मला स्वतःला "नाही" म्हणणे पुरेसे वाटत नाही. आपल्या मुलांना अहिंसा कळते ती सगळी नकाराच्या रूपात. कांदा नको, बटाटा नको, रात्री जेवू नको, मुंगीवर पाय देऊ नको. चांगलेच आहे ते. पण दुसऱ्याची भूक-तहान ओळखून वेळेवर उठायचे, ही त्याच धर्माची दुसरी बाजू लेकराने शिकायची कुठे? माझ्या लहानपणी सांगलीकडच्या वाड्यात आड होता. आज्जी पाणी गाळायची आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी पुन्हा आडात सोडायचे काम मी पाच वर्षांची झाल्यावर माझ्याकडे आले. वरून भसकन ओतायचे नाही, बादली पाण्याला टेकेपर्यंत सोडायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना त्यांच्या घरी पोचवायचे. आज्जी मात्र दर वेळी माझ्या मागे उभी असायची. दोर तिच्याही हातात असायचा.

हे मागे उभे राहणे हल्ली सुटले आहे असे मला वाटते. पूर्वी मागितलेले सगळे मिळत नसे. आता "तू नीट सांभाळणार असशील तरच आणू" असे म्हणून आपण मुलाकडून वचन घेतो, ते मान डोलावते, आणि संध्याकाळी पिंजरा घरी येतो. मी १९८२ ची बी.कॉम. आहे. बाकी पुष्कळ विसरले, पण व्यापारी कायद्याच्या तासाला शिकलेला एक खटला विसरले नाही: मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष, १९०३. अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच शून्य, असा तो निकाल. १८७२ च्या करार कायद्यावर त्याने शिक्कामोर्तब केले. मग सात वर्षांच्या मुलीने "मी रोज पाणी देईन" असे दिलेले वचन कोणत्या कायद्यात बसते? बँकेतसुद्धा खाते लेकराच्या नावाचे असते, सही पालकाची असते. रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरच्या मुलांना आपले बचत खाते स्वतः चालवायला मुभा दिली आहे, तीही बँक ठरवील त्या मर्यादेत. पाचशे रुपयांसाठी आपण एवढी काळजी घेतो आणि पंचेंद्रिय जीव मात्र सरळ मुलाच्या हवाली करतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. स्वाध्यायात आपण ते पाठ म्हणतो. एकदा पिंजऱ्याकडे बघून ते म्हणून पाहा. बंध म्हणजे बांधून, कोंडून ठेवणे. वध म्हणजे इथे मारझोड. छेद म्हणजे अवयव कापणे. पक्षी उडू नये म्हणून पंख छाटून देतात तो छेदच. अतिभारारोपण, झेपणार नाही इतके ओझे लादणे. आणि अन्नपाननिरोध, खाणे-पिणे अडवणे. पाचही अतिचार माणसाच्या ताब्यात असलेल्या जिवालाच जास्त लागू पडतात, कारण रानातल्या सशाचे पाणी कोणी अडवू शकत नाही. आपण घरात आणला की त्याची वाटी भरलेली असणे हे सर्वस्वी आपल्यावर आले.

गेल्या मे महिन्यात आमच्या मागच्या इमारतीत लव्हबर्डची एक जोडी मेली. (लव्हबर्ड आपण म्हणतो, ते असतात बहुधा ऑस्ट्रेलियातले बजरीगर.) घरातली मंडळी दोन दिवस लग्नाला गेली होती. पिंजरा पश्चिमेच्या बाल्कनीत. बदलापूर-अंबरनाथचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पारा चाळिशीपार जातो. पाण्याची वाटी पंख लागून कलंडली असावी. पक्षी आठ वर्षांच्या मुलाचे "स्वतःचे" होते. निघताना दाणापाणी भरायचे काम त्याचे होते आणि त्याने ते भरलेही होते. घरी आल्यावर आई त्याला म्हणाली, "बघ, तुझ्यामुळे मेले."

रविवारच्या पाठशाळेत मी मुलांना शिकवते. तिथे तो मुलगा आला, तासभर काही बोलला नाही, आणि सगळे गेल्यावर माझ्याजवळ येऊन विचारले, "काकू, मला किती पाप लागलं?"

"छे, तू लहान आहेस, तुला कसलं पाप" असे म्हणून टाकणे सोपे होते. पण आपल्या धर्मात तसे म्हणता येत नाही, आणि मुलांना ते पटतही नाही. करार कायदा अज्ञानाला सूट देतो, कर्म वय विचारत नाही. जीवंधरकुमाराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. राजाच्या पोटी जन्मून तो जन्मला स्मशानात, बापाला काष्ठांगाराने मारलेले, आई विजयाराणी दुरावलेली, वाढला गंधोत्कट व्यापाऱ्याच्या घरी. असे का झाले, तर पूर्वभवात राजपुत्र असताना खेळायला म्हणून त्याने हंसाचे पिल्लू त्याच्या आईबापापासून तोडून आणले होते. बापाने त्याला समजावले, त्याचे डोळे उघडले, पण ताटातुटीचे फळ चुकले नाही. पिल्लाची हौस म्हणजे किरकोळ गोष्ट, असे आपल्या कथाकारांना वाटले नाही. म्हणून तर आणण्याआधी थांबवणारे माणूस घरात हवे.

त्या मुलाला मी म्हटले, "तू पाणी भरलं होतंस. ते सांडलं तर बघायला कोणीतरी ठेवायचं, पिंजरा उन्हातून आत घ्यायचा, हे मोठ्यांचं काम होतं. प्रमाद मोठ्यांचा झाला. तुला वाईट वाटतंय ना, तेवढं असू दे." मग आम्ही दोघांनी णमोकार म्हटला. त्याच्या आईशीही नंतर मी बोलले. तिला राग आला. येऊ दे. मुलाच्या डोक्यावर दोन जिवांचे मरण ठेवणे हेही अतिभारारोपणच आहे, असे मी तिला सांगितले आणि तुम्हालाही सांगते.

आता कोणता प्राणी, हा प्रश्न. इथे आपल्या घरांना एक जास्तीची चाळणी लावावी लागते.

मांजर आणू नका. ते मांसाहारीच आहे, टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळते, ते कमी पडले तर डोळे आणि हृदय खराब होते. दूधभातावर मांजर ठेवून "आमची मनी पण शाकाहारी" म्हणणाऱ्या एक-दोन घरी मी गेले आहे. तो मांजराचा धर्म नव्हे, आपण केलेला अन्ननिरोध आहे. एक तर मांस घरात आणा, नाहीतर मांजर आणू नका. माशांच्या खाद्यात बहुतेक मासळीचीच भुकटी असते, पुडा वाचून घ्या. शिवाय नळाच्या क्लोरिनच्या पाण्यात सोडले तर मासे दगावतात, त्या पाण्याला आधी वेगळी तयारी लागते.

ते हिरवे इवलेसे कासव तर मुळीच नको. रेड इअर्ड स्लायडर म्हणतात त्याला, अमेरिकेतले. दुकानात रुपयाएवढे दिसते, वाढले की पाठ फूटभर होऊ शकते, आणि वीस-तीस वर्षे सहज जगते. त्याच्या अंगावरून लहान मुलांना साल्मोनेलाचा आजार होतो, म्हणून अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांची विक्री १९७५ साली बंद केली. आपल्याकडे लोक कंटाळले की ते तलावात नेऊन सोडतात, मग ते तिथल्या कासवांच्या तोंडचे खाते. जीव सोडला म्हणून पुण्य लागले असे त्यांना वाटते. चांदण्यांची नक्षी असलेले देशी कासव आणि आपला हिरवा पोपट यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरात ठेवताच येत नाही. पूर्वीच्या प्रत्येक वाड्यात मिठू असायचा, हे खरे. आता तो गुन्हा आहे, आणि बंध तर तो तेव्हाही होता. असा पोपट किंवा जखमी पक्षी सापडला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर लावा.

राहिले ससा आणि गिनीपिग. दोन्ही गवत-पाल्यावर जगणारे, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराला चालणारे. आमच्या घरी दीड वर्षापासून ससा आहे. विकत आणला नाही. आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाची बदली झाली, ससा नेता येत नव्हता, तो आम्ही घेतला. विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपण एक घेतला की दुकानदार दुसरा मागवतो. आणि नर-मादी जोडी तर नकोच. सशिणीचे दिवस जेमतेम महिनाभराचे, एकदम पाच-सहा पिल्ले. ती कुठे ठेवणार?

नात सात वर्षांची आहे. तिला म्हटले, हा तुझा नाही आणि माझाही नाही, हा आपल्याकडे राहायला आलेला जीव आहे. अपरिग्रहावर व्याख्यान दिले नाही, एवढेच म्हटले. सून हसली, पण नातीने ते उचलले. आता पाहुण्यांनी "तुझा ससा का गं?" विचारले की म्हणते, "आमच्याकडे राहतो."

सकाळी पाणी ती भरते. माझी पूजा आटोपली की मी वाटी बघते, रोज, ती भरलेली आहे हे माहीत असले तरी बघते. तिच्या समोर नाही बघत. संध्याकाळी गवत ती टाकते आणि सूनबाई बघते. बाकी साफसफाई मोठ्यांची. सात वर्षांच्या मुलीला एवढेच काम पुरे. दहा वर्षांची झाली की बँकेसारखी थोडी मर्यादा वाढवू.

लोक पहिला प्रश्न विचारतात, "तुमच्याकडे गाजर नाही, मग ससा खातो काय?" गाजर कंदमूळ, आमच्या घरात येत नाही. आणि गंमत म्हणजे सशाला त्याची गरजच नाही. गाजरात साखर फार, ते सशाचे रोजचे खाणे नव्हेच, चित्रांमुळे तसे वाटते. त्याचा खरा आहार म्हणजे गवत. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजायला सुके गवतच लागते. आम्ही ते पार्सलने मागवतो. रस्त्याकडेचे गवत मी घेत नाही, एकीकडे गाड्यांचा धूर, दुसरीकडे एमआयडीसी. वरून थोडी कोथिंबीर, थोडी मेथी.

या मेथीने एक वेगळीच गोष्ट केली. चातुर्मासात आम्ही पालेभाज्या खात नाही, तुमच्यातही पुष्कळजणी खात नसतील. पण सशाला पाला लागतो. मग मी आणि नात खिडकीशी बसून पान अन् पान शोधतो. उलटे करून, उजेडात धरून. हिरवी अळी हिरव्या पानावर कशी दिसते, हे तिला आता माझ्यापेक्षा लवकर कळते. सापडली की पानासकट कुंडीत ठेवते. भाजी शोधून घ्यायची म्हणजे काय, हे मी तिला चार वर्षे तोंडी सांगत होते.

आपली व्रते मात्र त्याच्यावर लादायची नाहीत. अष्टमी-चतुर्दशीला माझा उपवास असतो, सशाचा नसतो. रात्रिभोजनाचा त्याग माझा आहे. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असतो, रात्रीही खात राहतो, त्याच्यापुढे गवत चोवीस तास लागते. एक दिवस जरी त्याने खाल्ले नाही तरी आतडी थांबतात, ते जिवावर बेतते. "आजी, त्याला पाप नाही का लागत?" असे नातीने विचारले होते. मी म्हटले, त्याला नियम घेता येत नाही, आपल्याला येतो.

उन्हाळा हीच आमची खरी परीक्षा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे सोडतो. तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू. दुपारी लाईट गेली तर बाटलीत बर्फ करून, फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवतो, खाली थंड लादी असते. मे महिन्यात आम्ही सगळे एकदम गावी जात नाही. सांगलीला जायचे तर महालक्ष्मी एक्सप्रेस, आणि त्या गाडीचा भरवसा काय सांगू. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात ती इथेच, बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती. हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढले. चार दिवसांचे सहा दिवस केव्हाही होतात. म्हणून मी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते, हो म्हणण्याआधी दोन नावे लिहून काढा, तुम्ही नसताना दिवसातून दोनदा येऊन बघतील अशी. दोन नावे सुचत नसतील तर मुलाला दुसरे काही द्या. गच्चीवर पाण्याचे पसरट भांडे ठेवायला सांगा आणि ते रोज घासून भरायला लावा. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या येतात. कोंडायचे नाही, काही नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मी तर हेच सुचवीन.

काहीजणी म्हणतात, एवढा हिशेब कशाला, प्रेम असले की सगळे होते. प्रेमाचे एक उदाहरण आपल्या समाजाने नुकतेच पाहिले आहे. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण तीस वर्षांहून अधिक काळ तिथे होती. २०२५ च्या जुलैअखेर न्यायालयाच्या आदेशाने तिला जामनगरच्या वनतारात नेले, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या घराघरांत लोक रडले. माझ्या माहेरीही चूल पेटली नव्हती. त्या वादात कोण बरोबर हे मी इथे ठरवत नाही. पण ती रडणारी माणसे खोटी नव्हती, आणि न्यायालयापुढे आलेला तिच्या प्रकृतीचा प्रश्नही खोटा नव्हता. आपल्याला तिच्याबद्दल काय वाटते, हे त्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नव्हते. ससा लहान म्हणून त्याला ही गोष्ट लागू होत नाही असे नाही.

मरणाचेही आधीच बोलून ठेवावे. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. आमचा आता अडीच वर्षांचा आहे. दहा वर्षांचा होईल तेव्हा नात दहावीत असेल आणि मी बहात्तरीची. कोण आधी जाईल ते कोणी सांगावे. नातीने हा हिशेब स्वतःच बोटांवर केला आणि म्हणाली, "मग वाटी कोण बघणार?" मी तिला कल्याणच्या डॉक्टरांचा फोन नंबर फ्रिजवर लावून दाखवला, तिच्या आईचे नाव त्याखाली लिहिले. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात जीवंधराने णमोकार सांगितला ती गोष्ट तिला माहीत आहे, जळत्या लाकडातल्या नागांना पार्श्वनाथांनी वाचवायला धाव घेतली तीही. त्या गोष्टी तिला आता जास्त लक्ष देऊन ऐकाव्याशा वाटतात.

जून आला की बदल्या होतात, शाळा सुरू होतात, आणि सुट्टीत आणलेले ससे लोकांना जड होऊ लागतात. चिखलोली धरणाच्या बाजूला पांढरे ससे सोडून दिलेले आमच्या पहाटे फिरणाऱ्या मंडळींनी पाहिले आहेत. पाळीव सशाला रानात लपायचे कुठे ते कळत नाही, पहिल्या रात्रीतच कुत्री संपवतात. तुमच्या किंवा शेजारच्या घरी असा ससा असेल, तर सोडून देण्याआधी पाठशाळेत येऊन सांगा. दोन घरे माझ्या यादीत आहेत. दोन्हीकडे आज्जी आहे.